हिवाळ्यात सैल होणारी माती

जमीन कोरडी, उघडी आणि भुसभुशीत असली आणि तिच्यावरून जोराचा वारा वाहिला, की मातीचे कण जागा सोडतात. वाऱ्याने होणारी धूप ती हीच. यातली एक जरी गोष्ट कमी पडली तरी माती हलत नाही. ओल्या रानातून किंवा उभ्या पिकातून कितीही सोसाट्याचा वारा गेला तरी धुरळा उठत नाही, आणि मोठमोठ्या ढेकळांच्या नांगरटीवरूनही वारा फारसे काही नेऊ शकत नाही.

थंड देशांत ही धूप ऐन हिवाळ्यातही होते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात चिनूक नावाचे उबदार, कोरडे वारे थंडीतच सुटतात आणि रानावरचे बर्फ पाहता पाहता उडवून लावतात. त्याआधी मातीतले पाणी वारंवार गोठून आणि वितळून ढेकळे आतून फुटलेली असतात. बर्फाचे पांघरूण गेले की तो चुरा वाऱ्याच्या तोंडी सापडतो.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, कुर्डुवाडीच्या आसपासच्या शिवारात गोठणारी थंडी नाही. डिसेंबर-जानेवारीतला वारा ईशान्येचा, पूर्वेचा आणि बहुतेक दिवस मंद असतो. त्यामुळे ऐन थंडीत इथे माती उडताना क्वचितच दिसते. जोराचा वारा येतो तो एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वादळांबरोबर, आणि जूनमध्ये पाऊस अजून ठरलेला नसताना पश्चिमेकडून. पण त्या वाऱ्यासमोर रान ज्या अवस्थेत उभे राहते, ती अवस्था ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात तयार होते. म्हणून इथली ही धूप समजून घ्यायची तर उन्हाळ्यातल्या वावटळीपेक्षा हिवाळ्यातल्या रानाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

या भागात माती नेण्यात पाण्याचा वाटा वाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे. वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही थोड्या दिवसांत धो धो कोसळणारा. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. पाऊस रानातच मुरवणे आणि वाहून जाणारी माती थोपवणे हे तिथल्या कामाचे मुख्य सूत्र राहिले. मुंबई सरकारने १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा केला आणि पुढे समपातळी बांधांची कामे गावोगाव झाली. हे बांध पाणी अडवतात. वाऱ्याला मात्र हात-दीड हात उंचीच्या मातीच्या बांधाची अडचण वाटत नाही. तो वरून निघून जातो.

वाऱ्याची माती उचलण्याची रीत मोठी शिस्तीची आहे. जमिनीलगत वाऱ्याचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटरच्या पुढे गेला की मध्यम आकाराचे, म्हणजे सुमारे ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे कण उड्या मारू लागतात. हलणाऱ्या मातीपैकी निम्म्याहून अधिक माती या उड्यांनीच सरकते. उडालेला कण वाऱ्यासोबत पुढे जाऊन तिरका आदळतो आणि दुसऱ्या कणांना मोकळे करतो. मोठे कण या धक्क्यांनी जमिनीवर घरंगळतात. अगदी बारीक कण स्वतःहून सहसा उठत नाहीत, ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. पण आदळणाऱ्या कणांनी एकदा ते सुटे केले की हवेत तरंगत कोसच्या कोस जातात. वेग वाढला की वाऱ्याची ताकद त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर माती नेण्याची क्षमता साधारण आठपट. एकाच दुपारच्या वादळाने महिन्याभराच्या वाऱ्याहून जास्त नुकसान होते ते यामुळे.

कॅनडात आणि नंतर अमेरिकेत काम केलेले मृदाशास्त्रज्ञ विल्यम चेपिल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात एक सोपी मोजणी रूढ केली. कोरडी माती चाळून ०.८४ मिलिमीटरपेक्षा मोठे कण-गोळे किती निघतात ते पाहायचे. ते जितके जास्त, तितकी जमीन वाऱ्याला दाद न देणारी.

काळ्या जमिनीच्या बाबतीत ही मोजणी फार महत्त्वाची आहे. भारी काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओल मिळाली की ती फुगते, वाळली की आकसते. परतीचा पाऊस संपल्यावर हेच चालू होते. वरचा थर आकसतो, भेगा पडतात आणि पृष्ठभागावरची ढेकळे आपोआप विरून बारीक रवाळ माती तयार होते. थंड देशात जे काम गोठणारे पाणी करते, ते इथे ओलणे आणि वाळणे करते. चिकणमातीचे हे रवे वाळूच्या कणांएवढे झाले की वाऱ्यापुढे वाळूसारखेच वागतात.

रब्बी ज्वारीची कोळपणी या सैलपणात भर घालते, आणि तरीही ती योग्यच आहे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास कोळपी चालतात. शेवटचे दातेरी कोळपे भेगा बुजवते. वरच्या भुसभुशीत थरामुळे खालची ओल उडून जात नाही. पावसाचा थेंब नसताना ज्वारी पोटरीतून कणसापर्यंत जाते ती या ओलीवर. कोळपलेली माती दोन ओळींच्या मधे असते आणि उभे पीक वाऱ्याचा वेग जमिनीलगत मोडून काढते, त्यामुळे तिथून माती जात नाही.

धोका सुरू होतो तो पीक निघाल्यावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात ज्वारी बहुधा मुळासकट उपटतात. मोहोळच्या केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ ही जात धान्याइतकीच कडब्यासाठी सांभाळली जाते, आणि दुष्काळी मुलखात कडबा म्हणजे जनावरांचा जीव. त्यामुळे रानात ना धाट उरते, ना धसकट, ना जमीन धरून ठेवणारी मुळी. उपटताना मुळाभोवतीची मातीही मोकळी होते. यावर लगेच रोटाव्हेटर फिरवला तर उरलीसुरली ढेकळेही पिठासारखी होतात. पेरणीआधी थोडे दिवस असे रान चालते, पण मार्चपासून जूनपर्यंत तीन महिने ते तसे उघडे ठेवणे हे या मातीला परवडणारे नाही. लोखंडी नांगराने काढलेली मोठी ढेकळे उन्हात तापत पडलेली दिसायला ओबडधोबड, पण वाऱ्याला तीच पुरून उरतात.

नुकसान दिसत नाही म्हणून ते कमी समजले जाते. एकरभर रानावरची फक्त एक मिलिमीटर माती गेली तर तिचे वजन पाच टनांच्या आसपास भरते. शिवाय वारा निवडून नेतो. सेंद्रिय अंश आणि चिकणमाती हलकी व बारीक, ती दूर जाते. जाडी भरड माती मागे राहते. पाणी धरण्याची ताकद त्या बारीक भागातच असते. मुरमाड, हलक्या रानात हा तोटा लवकर जाणवतो, कारण तिथे मुळात थर वीत-दीड वीतच असतो.

माढा तालुक्यातले सगळे शिवार आता असे उघडे नसते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, फळबागा आल्या. उसाचे फड बारा महिने जमीन झाकतात आणि शेजारच्या रानाचा वाराही अडवतात. प्रश्न उरतो तो कोरडवाहू पट्ट्यांचा.

तिथे झाडांची ओळ उपयोगी पडते. झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर चांगला कमी होतो. ओळ भिंतीसारखी गच्च नसावी. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी ओळ अधिक लांबवर संरक्षण देते, गच्च ओळीमागे भोवरे उठतात. बांधावर ग्लिरिसिडिया लावला तर पाला खताला मिळतो. झाडांची मुळे कडेच्या काही ओळींची ओल ओढतात ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, आणि जागा निवडताना ती धरावी लागते. पश्चिमेच्या वाऱ्याला आडव्या, म्हणजे दक्षिणोत्तर ओळी चांगल्या. पण उतार असेल तिथे समपातळीलाच मान द्यावा, कारण पाण्याचे नुकसान मोठे.

मोकळ्या रानात वारा जितका लांब धावतो तितकी उडणारी माती वाढत जाते, म्हणून सुरुवात जिथे होते तिथेच तिला रोखणे स्वस्त पडते. सगळा कडबा रानात सोडा असा सल्ला कोणी देऊ नये. पण रानाच्या पश्चिम कडेच्या काही ओळी उपटण्याऐवजी विळ्याने वीतभर उंचीवर कापाव्यात, धसकटे जूनपर्यंत उभी राहू द्यावीत आणि रोटाव्हेटर पेरणी तोंडावर येईपर्यंत रानात घालू नये. एवढे पुढच्या फेब्रुवारीतल्या काढणीपासून करता येते.