शिबिराला पैसे मिळाले, परत जायला नाही

कॉलेजातल्या मुलांनी गावात जाऊन काम करावे, ही कल्पना आपल्याकडे पहिल्यांदा अडली ती पैशापाशी. 1959 मध्ये केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी, असे समितीने सुचवले. खर्च आणि अंमलबजावणी दोन्ही झेपणार नाहीत म्हणून ते मागे पडले. सक्ती टळली हे माझ्या मते बरेच झाले. पण दहा वर्षांनी जे आले ते आकाराने फारच लहान होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. स्वयंसेवक होते 40 हजार आणि चौथ्या पंचवार्षिक योजनेतली तरतूद होती 5 कोटी रुपयांची.

महाराष्ट्रात तिची कसोटी लगेच लागली. 1972 चा दुष्काळ पडला, आणि 1973 मध्ये देशभरच्या विशेष शिबिरांना विषयच दुष्काळनिवारणाचा दिला गेला. त्यानंतर अस्वच्छता आणि रोगराई, वृक्षारोपण, ग्रामीण पुनर्रचना असे विषय ठरत गेले. वरून विषय येणार आणि खाली शिबिर भरणार, ही सवय तेव्हाच लागली असावी.

अनुदानाचा हिशेब मात्र कायम डोक्यामागे राहिला. बरीच वर्षे दर होता एका स्वयंसेवकामागे वर्षाला 250 रुपये, आणि सात दिवसांच्या विशेष शिबिराचे 450. पन्नास मुलांच्या शिबिराचे होतात 22,500, म्हणजे एका मुलामागे दिवसाला चौसष्ट रुपये. त्यातच चहा, नाश्ता, दोन जेवणे, गाडीभाडे, घमेली-फावडी आणि बौद्धिकाला आलेल्या पाहुण्याचा नारळ. केंद्र आणि राज्याचा वाटा सात-पाचाचा असे, त्यामुळे रक्कम दोन दारांतून यायची आणि पुष्कळदा शिबिर उरकल्यावर हाती पडायची. तोवर कार्यक्रम अधिकारी किराणा दुकानदाराकडे स्वतःच्या शब्दावर उधारी करायचे. 2016 पासून सगळा भार केंद्राने घेतला, अलीकडे दरही वाढले. तरी ही शिबिरे आजवर चालली ती गावाच्या जिवावर. देवळाची किंवा शाळेची जागा, भजनी मंडळाची पातेली, कुणाच्या तरी शेतातली भाजी. भाकरी करून देणाऱ्या बायकांकडे पावतीपुस्तक नसे. साध्या कागदावर व्हाउचर करून त्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा. योजनेतला सर्वात मोठा देणगीदार गावच होता आणि उपयोगिता प्रमाणपत्रात त्याला रकाना नव्हता.

पैसा कमी होता ही तक्रार खरीच आहे. मला त्याहून जास्त खटकते ते हे, की पैसा डोक्यांवर मोजला गेला, कामावर नाही.

वनराई बंधाऱ्याचेच घ्या. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, ओढ्यातली वाळू-माती पाऊणभर भरायची, तोंड दाभण-सुतळीने शिवायचे आणि गवंडी विटा लावतो तशी सांधेमोड करत थर रचायचे. पन्नास मुलांना दोन दिवसांत जमणारे, दिसणारे आणि उपयोगी पडणारे काम. पण ओढा वाहता असतानाच ते करायला हवे, म्हणजे पावसाळा सरता सरता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपली शिबिरे बहुधा भरतात परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर कित्येक ओढ्यांची धार बारीक झालेली असते. शिवाय पोत्यांचे प्लास्टिक उन्हाने कुजते आणि पुढच्या पुराने बांध वाहून जातो, म्हणून तो दर वर्षी नव्याने घालावा लागतो. अनुदान मागायला जागा आहे ती नव्या शिबिराला, जुन्या बांधाला नाही. दत्तक गाव बदलले की बांधाचे पालकत्वही संपते.

जिथे मुलांनी काम स्वतः निवडले, गावकऱ्यांशी बोलून तारीख ठरवली आणि खर्चाची वही स्वतः लिहिली, तिथे हे चित्र पालटलेले मी पाहिले आहे. आपण आणलेल्या सुतळीचा भाव माहीत असलेली मुलगी पावसाळ्यानंतर फोन करून विचारते, बांध आहे की गेला? मग दोघे-तिघे रविवारी एसटीने जाऊन येतात, पदरचे तिकीट काढून. योजनेच्या नावातली सेवा मला त्या फेरीत दिसते.

आता नव्या शैक्षणिक धोरणात या योजनेला श्रेयांक मिळू लागले आहेत. मुलांची संख्या वाढेल, तासांची नोंद अधिक काटेकोर होईल. त्यासोबत एवढेच करावे: प्रत्येक युनिटच्या रकमेतला थोडा भाग मुलांच्या समितीकडे द्यावा, कामाच्या नावाने द्यावा, आणि तो दोन वर्षे पुरवून वापरायची मुभा असावी. त्यात पहिल्या वर्षी पोती-सुतळी येईल आणि दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, त्याच ओढ्यावर जायचे गाडीभाडे.