अकरावीला ‘कॉम्प्युटर’ घेताना आधी लॅब बघून या



दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे बियाण्याच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. “साहेब, लेकराला कॉम्प्युटर घ्यायचंय, कुठं टाकू?” खरे तर हा प्रश्न कृषी खात्याचा नव्हे. पण पेरणी आणि अकरावीचे प्रवेश एकाच हंगामात येतात, आणि समोर दिसतो तो सरकारी माणूस, म्हणून लोक विचारतात. तेव्हा आज कापूस-सोयाबीन बाजूला ठेवू.

‘कॉम्प्युटर’ नावाचा एकच विषय नाही, हे आधी ध्यानात घ्या. दुकानात गेल्यावर तुम्ही नुसते ‘कापसाची पिशवी द्या’ म्हणत नाही, वाण विचारता. इथेही वाण विचारायचे.

अकरावी-बारावीला ‘माहिती तंत्रज्ञान’, म्हणजे आयटी, हा १०० गुणांचा विषय आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांना तो घेता येतो. ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा वेगळा. तो विज्ञान शाखेचा, २०० गुणांचा द्विलक्षी विषय. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि बहुतेक ठिकाणी जीवशास्त्रही सुटते. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेला जीवशास्त्र लागते, म्हणून पोरीच्या मनात ते असेल तर घरात आधी बोलून घ्या. शेतकीकडे जायचे असेल तर फारशी अडचण नाही. बी.एस्सी. कृषीला गणित गटाची पोरेही जातात, आणि आपल्या बदनापूरला परभणी कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय आहेच.

(या विषयाला बाहेरच्या जगात ‘आयसीटी’ म्हणतात. आपल्या जिल्ह्यात मात्र हे नाव घेऊ नका. २०१८ पासून जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा आहे, तिलाही आयसीटीच म्हणतात. लोक तुम्हाला थेट सिरसवाडीचा रस्ता दाखवतील!)

याशिवाय आयटीआयमधला ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो दहावीवर मिळतो. शासकीय तंत्रनिकेतनचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आणि २००१ पासून चालू असलेली एमएस-सीआयटी आहे. ती काही महिन्यांत होते, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मागतात, पण ती म्हणजे अकरावी-बारावीचा आयटी नव्हे. एकाने दुसऱ्याचे काम भागते असे समजू नका.

आता पोरगं आयटीत शिकते तरी काय? वेबसाईट कशी बांधायची, म्हणजे एचटीएमएल. विज्ञानवाल्यांना जावास्क्रिप्ट, पीएचपी. सायबर कायदा. आणि डेटाबेस. हा शेवटचा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण आपला सातबारा आता डेटाबेसमध्येच बसलेला आहे.

बघा, गट नंबर १२ गावोगावी असतो. मग कॉम्प्युटरला तुमचा १२ कोणता हे कसे कळणार? त्यासाठी प्रत्येक नोंदीला दुसऱ्या कुणालाही नसलेला असा एक क्रमांक द्यावा लागतो. पुस्तकात याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. सातबारावर आता ११ अंकी भू-आधार क्रमांक छापून येतो तो हाच प्रकार. अॅग्रीस्टॅकचा फार्मर आयडी हाही तसाच. सातबारावर ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर’ असेल तर गावाला माहीत असते की माणूस एकच आहे. कॉम्प्युटरला ते दोन माणसे वाटतात, आणि अनुदान अडकते. हे ज्या लेकराला कळले, ते बापाचा फॉर्म भरताना नाव दोनदा ताडून बघते. गेल्या हंगामात एका बारावीतल्या पोरीने असेच केले. वडिलांच्या नावातली वेलांटी तिने मला फोनवर दाखवली, मग दुरुस्तीचा अर्ज लिहून तलाठ्याकडे स्वतः गेली. (तलाठ्याला २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात. नाव बदलले, दप्तर तेच.)

यात पैशाची गोष्ट आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. महाडीबीटीवर पूर्वी लॉटरी लागायची, २०२५ पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ झाले. ज्याच्या घरी फॉर्म भरणारे कुणी नाही तो बाजाराच्या दिवसाची वाट बघतो, केंद्रचालकाच्या दारात बसतो, तोवर पुढच्यांचे अर्ज गेलेले असतात. घरात एक जाणते लेकरू असले की ही फेरी वाचते, आणि पासवर्डही घरातच राहतो. ओटीपी मागेल त्याला सांगून टाकणारी माणसे अजून आपल्यात आहेत.

एवढे असूनही मी डोळे झाकून ‘आयटी घ्या’ म्हणणार नाही. बारावीला या विषयाची ८० गुणांची परीक्षा कागदावर नसते, कॉम्प्युटरवर ऑनलाइन होते. राहिलेले २० प्रात्यक्षिकाचे. ज्या पोराने दोन वर्षे नोट्स पाठ केल्या आणि माऊसला हात लावला नाही, त्याचा निम्मा जीव परीक्षेच्या दिवशी तिथेच जातो. म्हणून कॉलेज ठरवण्याआधी एकदा एसटीने जाऊन लॅब बघून या. किती मशीन चालू आहेत? एका मशीनवर किती पोरे बसतात? लाईट गेल्यावर बॅटरी आहे का? आयटीचे सर रोजचे आहेत की तासावरचे? बैल घेताना दात बघतो ना, मग इथे लाजायचे कशाला. लॅबला कुलूप असेल आणि ‘चावी शिपायाकडे आहे, तो रजेवर आहे’ असे उत्तर आले, तर काय ते समजून घ्या.

आणखी एक. आयटीचे गुण बारावीच्या टक्केवारीत येतात, पण इंजिनिअरिंगच्या सीईटीत नाही. तिथे भौतिक, रसायन, गणितच. एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीसीए, बीबीएला २०२४ पासून वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म बारावीच्या निकालापर्यंत थांबत नाही, तारखेवर डोळा ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक विनंती. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो बापाबरोबर शेतात असतो. प्रवेशाच्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर संध्याकाळी दोन तास पोरांसाठी उघडा ठेवा. दवंडी द्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर टाका. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आणि लागू असेल तर जातीचा दाखला एवढे सोबत आणायला सांगा. जातीचा दाखला निघायला वेळ लागतो. तो अर्ज निकालाची वाट न बघता आत्ताच टाकलेला बरा.