नळीच्या तोंडाशी पोरं

बंदुकीनं पोरं मरतात ती अमेरिकेत, आपल्या जालन्यात तसलं काही नाही, असं पारावर कुणीही सांगेल. निम्मं खरं आहे. अमेरिकेत 2020 पासून 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. वाहन अपघातही तिच्या मागे पडले. आपल्याकडे तशी स्थिती नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत होण्याआधी मोसंबीच्या बागेत एक चक्कर मारावी.

वानरं, रानडुकरं, रोही हाकलायला शेतकरी जे जुगाड करतात, त्यातलंच एक म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाची कार्बाइड गन. ‘गोळीच नाही, नुसता आवाज होतो,’ हा तिच्याबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगवाले वापरतात तोच. लायटरची ठिणगी पडली की त्याचा स्फोट होतो. कधी बार लगेच उडत नाही. पोरगं ‘काय झालं?’ म्हणून नळीत डोकावतं आणि नेमका तेव्हाच तो उडतो. 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात असे शंभरावर जखमी दवाखान्यात गेले. त्यात बहुतेक मुलं होती आणि काहींची दृष्टी गेली.

नुसतं भाजलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. पण कार्बाइडचा जो चोथा उरतो तो चुना असतो, आणि चुना बुबुळात खोल शिरत जातो. म्हणून डोळा चोळू नका. तूप, दूध, गुलाबपाणी काही घालू नका. दिसणारे कण पटकन टिपून काढा आणि स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडा. मग थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. फळं पिकवायला बंदी असलेलं हेच रसायन खेळणं म्हणून पोराच्या हाती देताना आपला हात कसा थरथरत नाही, हे मला कळलेलं नाही.

‘छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणजे ती खेळणंच.’ परवाना लागत नाही हे .177 बोअरपर्यंतच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअरगनपुरतं खरं. पण तो छर्राही डोळा फोडतो आणि जवळून लागला तर लहान मुलाच्या शरीरात खोल घुसतो.

लग्नात हवेत झाडलेली गोळी हवेतच विरते, असं मानणारेही आहेत. ती खाली येते. मांडवात लेकरं असतात. 2019 च्या दुरुस्तीपासून अशा बेफिकीर गोळीबाराला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बंदूक परवान्याची असली तरीही.

राहिला गावठी कट्टा. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी गाव या धंद्यासाठी बदनाम आहे; नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. असा कट्टा कमरेला लावून रील टाकणाऱ्या पोराला वाटतं, चालवला नाही म्हणजे गुन्हा नाही. नुसता बाळगला तरी कायद्यात किमान 2 वर्षांची शिक्षा आहे. आणि ओबडधोबड नळीचा हा माल कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो.

‘अल्पवयीन आहे, सुटेल,’ हा हिशेब मात्र पोरं करत नाहीत. त्यांच्याकडून काम करून घेणारे करतात. तो दोन्हीकडून चुकतो. 16 वर्षांवरच्या मुलानं निर्घृण गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ तपासणी करून त्याला प्रौढांसारखं न्यायालयात पाठवू शकतं. वयही नुसतं सांगून चालत नाही: 2024 मध्ये वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांच्या खुनातल्या एका आरोपीनं आपण अल्पवयीन असल्याचं सांगितलं, हाडांच्या चाचणीत तो प्रौढ ठरला. आणि मुलाला पुढे करून गुन्हा घडवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 खाली किमान 3 आणि कमाल 10 वर्षांची कैद आहे.