खेड गेलं, शिरूर आलं

घोड नदीवरच्या धरणाचं गाव डिंभे 2004 मध्ये खेड लोकसभा मतदारसंघात होतं, 2009 मध्ये शिरूरमध्ये. खासदार मात्र तेच, शिवाजीराव आढळराव पाटील. मग फक्त पाटी बदलली, असं कुणी म्हणेल. तसं नाही. 2008 च्या पुनर्रचनेत मावळ वेगळा झाला, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूरच्या जोडीला भोसरी, हडपसर हे शहरी विभाग आले.

2001 च्या जनगणनेनुसार मतदारसंघ समतोल करणं न्याय्यच होतं. पण डिंभे धरणाकाठच्या आदिवासी वाड्यांचे आणि कारखान्यांच्या भोसरीचे प्रश्न वेगळे. समान मत म्हणजे समान दखल नव्हे. म्हणून प्रत्येक उमेदवाराकडे डिंभ्याच्या पाण्याचा हिशेब आपणच मागायला हवा.