लस्टर मृत्पात्रे

लस्टर मृत्पात्रे म्हणजे सोन्या-तांब्यासारखी झळाळी असलेल्या नक्षीने सजवलेली झिलईदार मातीची भांडी होत. मध्ययुगीन इस्लामी जगात इ.स.च्या ९व्या शतकापासून श्रीमंतांच्या भोजनात त्यांचा वापर होत असे. ही झळाळी सोन्याची नसे. चांदी व तांबे यांचा अल्प अंश आणि भट्टीवरील नियंत्रण यांतून ती साधली जाई. त्यामुळे या भांड्यांचे मोल मुख्यतः कारागिराच्या कौशल्यात होते.

निर्मितितंत्र

भांड्याला प्रथम झिलई देऊन ते भाजले जाई. ही झिलई बहुधा कथिलाच्या संयुगाने पांढरी व अपारदर्शक केलेली असे. तिच्यावर चांदी व तांब्याची संयुगे, गेरूसारखी माती आणि शिरका यांच्या मिश्रणाने नक्षी काढीत. नंतर भांडे पहिल्यापेक्षा कमी तापमानाला पुन्हा भाजले जाई. या वेळी भट्टीत हवा कमी सोडून धूर कोंडला जाई. धातूंचे अंश झिलईत शिरत आणि ऑक्सिजनच्या अभावी तेथेच त्यांचे अतिसूक्ष्म कण तयार होत. भांडे निवल्यावर वरची माती पुसली की झळाळी दिसू लागे. धूर किंवा उष्णता यांचे प्रमाण चुकल्यास दोन वेळा भाजलेले भांडे वाया जाई.

इतिहास

धातूच्या संयुगांनी काचपात्रे रंगवण्याची पद्धत इजिप्त व सीरियात ८व्या शतकात प्रचलित होती. ९व्या शतकात अब्बासी खिलाफतीतील इराकच्या, विशेषतः बसरा येथील, कुंभारांनी ती मृत्पात्रांवर वापरली. त्यांची पांढरी झिलई चिनी पोर्सेलीनच्या अनुकरणातून आली होती. लस्टरची नक्षी मात्र त्यांची स्वतःची भर होती.

फातिमी राजवटीत (९६९–११७१) इजिप्तमधील फुस्तात हे प्रमुख केंद्र बनले. तेथील भांड्यांवर वादक, शिकारी व प्राणी आढळतात. ११व्या शतकातील इराणी प्रवासी नासिर खुस्रो याने, पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलणाऱ्या इजिप्शियन भांड्यांचे वर्णन केले आहे. १२व्या शतकाच्या उत्तरार्धात इराणमधील काशान प्रसिद्धीस आले. तेथे गारगोटीच्या चूर्णापासून पांढरी भांडी घडवीत. काशानच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये या तंत्राची कृती लिहून ठेवली.

भोजनपात्रे म्हणून स्थान

सोन्या-चांदीच्या पात्रांतून खाणेपिणे हदीसमध्ये निषिद्ध मानले आहे. लस्टर भांड्यांच्या लोकप्रियतेमागे हे एक कारण असल्याचे काही अभ्यासक मानतात. तथापि राजदरबारांत मौल्यवान धातूंची पात्रे वापरात होतीच. त्यामुळे केवळ या निषेधाने लोकप्रियतेचा पूर्ण उलगडा होत नाही. रंगांचा खेळ, चित्रे आणि लेख यांचेही आकर्षण होते. अनेक भांड्यांवर मालकासाठी शुभेच्छा, तर काशानच्या भांड्यांवर फार्सी काव्यपंक्ती लिहिलेल्या आढळतात.

प्रसार व वारसा

हे तंत्र पुढे स्पेनमधील मालागा व व्हॅलेन्सियाजवळील मानिसेस येथे रुजले. १५व्या शतकात युरोपीय सरदार घराणी आपली कुलचिन्हे रंगवलेली ताटे मानिसेसहून मागवीत. इटलीतील देरुता व गुब्बियो येथील कुंभारांनीही ते आत्मसात केले.

धातूची भांडी गरजेनुसार वितळवता येत. म्हणून मध्ययुगातील सोन्या-चांदीची भोजनपात्रे फारच थोडी उरली आहेत. मातीचे भांडे फुटले तरी त्याचे तुकडे टिकतात. त्यामुळे फुस्तातच्या उकिरड्यांत सापडलेली खापरेही त्या काळातील संपन्न घरांच्या भोजनसंस्कृतीचे महत्त्वाचे साधन ठरली आहेत.