हरित इमारतीला ‘स्टार’ मिळाले नाहीत, तर कंत्राटदार अडकतो का?

समजा, दिवेआगरला सरकारी पैशातून हरित पर्यटक निवास बांधलं, पण ‘गृह’ मानांकनाचे ठरलेले स्टार मिळाले नाहीत. जबाबदार कोण?

करारात काय लिहिलंय?
‘स्टार मिळवून देईन’ असं लिहून दिलं असेल, तर डिझाइनमधली चूकही कंत्राटदाराच्या गळ्यात पडू शकते. ‘नकाशाप्रमाणे काम करीन’ एवढंच असेल, तर जबाबदारी मर्यादित राहते. मात्र मालाच्या पावत्या आणि राडारोड्याच्या नोंदी जपा. मानांकन कागदांवरही ठरतं.

दंड किती?
करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारातली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ खटल्यात सांगितलं.

वादळ आलं तर?
३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ने दिवेआगरच्या माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. अशा वेळी करारातलं नैसर्गिक आपत्तीचं कलम बघा आणि मुदतवाढीचा अर्ज वेळेत, लेखी द्या. तोंडी आश्वासन पुराव्याला उपयोगी पडत नाही.

आणि ‘हरित’ शिक्का म्हणजे सीआरझेडची परवानगी नव्हे. ती हातात आल्याशिवाय किनाऱ्यावर कुदळ मारू नका.