सिंहगड चढणारे बाबा लेहमध्ये आडवे का झाले?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. माझे 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी बोललो तसंच आहे.

तर, जूनमध्ये आम्ही चौघं लेहला गेलो. आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. शुक्रवार ते सोमवार, लाँग वीकेंड. प्लॅन जोरदार: शनिवारी गाडीने खारदुंगला आणि तिथून सायकलवर उतरत लेहला परत, रविवारी रॅफ्टिंग. बाबा ५८ वर्षांचे, पण दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात. आईचा व्यायाम म्हणजे भाजी आणायला जाणं. काळजी कोणाची होती, सांगायला नको. आईचीच.

शुक्रवारी सकाळी उतरलो तेव्हा सगळे ठणठणीत. "तुम्ही उगाच घाबरवता," असं म्हणून बाबा संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आले. रात्री दोन वाजता डोकं धरून बसले. दोनदा उलटी. आई शेजारी शांत झोपलेली.

पुणे साधारण ५६० मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. दिल्लीहून विमानाने तासा-सव्वातासात आपण तिथे. लोक म्हणतात वर ऑक्सिजन कमी असतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण वरही तेवढंच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, खारदुंगला इथे जवळपास निम्मा. म्हणून प्रत्येक श्वासात हाती कमी लागतं. (खारदुंगलाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. प्रॉडक्शनमध्ये राहिलेला बग, दुसरं काय!)

आता शरीर काय करतं बघा, मला हा भाग भारी आवडतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी ऑक्सिजन मोजणारे छोटे सेन्सर असतात. ते मेंदूला सांगतात, श्वास वाढव. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलाईन होतं, आणि त्यामुळे मेंदू उलट ब्रेक लावतो: पुरे, हळू घे. एक सिस्टीम ॲक्सिलरेटर दाबतेय, दुसरी ब्रेक. झोपेत तर हे दोघं अक्षरशः भांडतात. भराभर श्वास, मग काही सेकंद काहीच नाही, मग पुन्हा भराभर. शेजारी झोपलेला माणूस असा मध्येच थांबला की आपलीच झोप उडते. पण तेवढं एकच असेल तर त्या उंचीवर ते नेहमीचं आहे.

हा ब्रेक सोडवतात किडन्या. त्या लघवीतून बायकार्बोनेट बाहेर टाकतात आणि रक्ताचा तोल सावरतात. पण हे काम तासांचं नाही, दिवसांचं. डायमॉक्स नावाची गोळी हेच काम लवकर सुरू करून देते. ती घ्यायची का आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

म्हणजे सिंहगडाने कमावलेले पाय आणि छाती इथे वाचवत नाहीत. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतो. त्यात गंमत अशी, की त्रास बहुतेक वेळा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. अलर्ट उशिरा येतो हो! विमानतळावर बरं वाटलं याला काहीच अर्थ नसतो.

ऑक्सिमीटरवर बाबा ८४, आई ८७. म्हणजे नुसत्या आकड्यावरून त्रास कोणाला होतोय हे कळलंच नसतं. लक्षणं बघायची. डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, थकवा किंवा चक्कर, म्हणजे उंचीचा त्रास धरून चालायचं. मी बाबांना फरशीच्या रेषेवर, टाचेला पंजा लावत चालायला लावलं. "दारू प्यायलोय का मी?" असं ओरडले, पण सरळ चालले. तोल गेला असता किंवा बडबड असंबद्ध झाली असती, तर मेंदूला सूज येतेय असा संशय. बसल्या जागी धाप लागली असती, तर फुप्फुसात पाणी. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते. ऑक्सिजन, हॉस्पिटल आणि लवकरात लवकर खाली.

सकाळी तरी हॉस्पिटलमध्ये गेलोच. डॉक्टरांनी सौम्य त्रास आहे म्हणून सांगितलं: विश्रांती, पाणी, आणि डोकं पूर्ण थांबेपर्यंत एक मीटरही वर जायचं नाही. खरं भांडण त्यानंतर झालं. सायकलींचे पैसे भरलेले, ते परत मिळणार नव्हते. बाबा म्हणाले, "गोळी घेतो, गाडीत बसून तर जायचंय." मी नाही म्हटलं. बाबांना असं तोंडावर नाही म्हणायची माझी बहुधा पहिलीच वेळ. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आई खिडकीत बसून जर्दाळू खात होती.

रविवारी डोकं उतरलं. रॅफ्टिंग ठेवलं, कारण फे ते निमू हा सिंधूवरचा त्यातल्या त्यात सोपा टप्पा आणि निमू लेहपेक्षा खाली आहे. पुढे संगमावर सिंधू आणि झंस्कारचं पाणी दोन वेगळ्या रंगांत शेजारी-शेजारी वाहताना पाहिलं. बाबांनी बहिणीला फोटो काढायला लावला आणि गडाच्या ग्रुपवर टाकायला गेले, तर नेटवर्क नाही. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे मात्र मी त्यांना निघण्याआधी तीनदा सांगितलं होतं.